वाऱ्याची बाजू

नाशिकच्या एका जुन्या वाड्यात राहणारे ते कुटुंब पाच माणसांचे होते. वडील एका कारखान्यात हिशेबनीस होते. आई माध्यमिक शाळेत भूगोल शिकवीत असे. थोरली मुलगी यंदा नववीत जाणार होती. तिला घरात सारे ताई म्हणत. धाकटा सहावीत जाणार होता. आणि आजी होती. आजीचे माहेर गुहागरजवळच्या एका खेड्यात. लग्न होऊन ती घाटावर आली त्यास पंचावन्न वर्षे लोटली होती. परंतु पावसाळ्याचा पहिला वारा सुटला, की ती अजूनही खिडकीशी जाऊन उभी राही आणि "समुद्र वाजत असेल आता," असे म्हणे.

सर्वांना घेऊन एकदा परदेशी जावे आणि समुद्रकाठी आठ दिवस स्वस्थ राहावे, असे वडिलांच्या मनात फार दिवसांपासून होते. त्यासाठी ते चार वर्षे दरमहा थोडी रक्कम बाजूस टाकीत आले होते. त्या चार वर्षांत दिवाळीचे कपडे बेताचे आले आणि घराचा रंग तसाच राहिला; पण त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. ठिकाण म्हणून मॉरिशस ठरले. भारतीय प्रवाशास तेथे आगाऊ परवाना काढावा लागत नाही, मुंबईहून विमान थेट जाते, आणि तेथे पुष्कळ मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत असे आजीने एका कीर्तनात ऐकले होते. एवढी कारणे पुरेशी झाली.

हॉटेल वडिलांनी निवडले. त्याचे छायाचित्र त्यांनी सर्वांना कितीदा तरी दाखविले होते. पांढरी शुभ्र वाळू, तिच्यापुढे पाचूसारखे हिरवे पाणी, मागे सुरूच्या झाडांची रांग आणि सावलीत दोन रिकाम्या आरामखुर्च्या. मे महिन्याच्या अखेरीस त्या हॉटेलाचा दर डिसेंबरच्या मानाने पुष्कळच उतरलेला होता. ही गोष्ट हिशेबनिसाच्या नजरेतून सुटली नाही. तो का उतरला आहे, हा प्रश्न मात्र त्यांना सुचला नाही. स्वस्त मिळणाऱ्या वस्तूस असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. धाकट्याने तर साऱ्या गल्लीत सांगून ठेवले, की परत येईन तो समुद्रात पोहावयास शिकूनच.

विमान सहा-सात तासांनी बेटावर उतरले. घड्याळे दीड तास मागे घ्यावी लागली. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाकडे आहे; तेथून पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे तासाभराची वाट होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला ऊस होता आणि त्यास नुकतेच तुरे येऊ लागले होते. "हा तर आपला कोपरगावचा रस्ता!" वडील आनंदाने म्हणाले. परंतु कोपरगावच्या रस्त्यावर नसते असेही काही तेथे होते. उसाच्या मळ्यात मधूनमधून काळ्या दगडांचे प्रचंड ढीग पडक्या बुरुजांसारखे उभे होते.

मोटार चालविणारा वृद्ध गृहस्थ भोजपुरी वळणाची हिंदी बोलत होता. ते दगड त्याच्या पूर्वजांनी आणि त्यांच्याही आधी येथे आणलेल्या आफ्रिकी गुलामांनी वेचलेले आहेत, असे त्याने सांगितले. हे बेट ज्वालामुखीतून निर्माण झालेले. जमिनीत जिकडे तिकडे दगड. ते हातांनी उचलून रचल्यावाचून उसाची एक कांडीही लावता येत नव्हती. इ. स. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख मजूर कराराने या बेटावर उतरले. काही पुढे इतर वसाहतींत पाठविले गेले, पण बहुतेकांच्या वंशजांचा हाच देश झाला. पोर्ट लुईस बंदरातील ज्या धक्क्यावर ते उतरले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला.

आपल्या गावाजवळून जाताना चालकाने मोटार थोडी हळू केली. २०२० च्या जुलैमध्ये येथून जवळच वाकाशिओ नावाचे जहाज प्रवाळाच्या खडकावर चढले आणि ऑगस्टच्या आरंभी त्यातील काळे तेल समुद्रात सांडले. तेव्हा सरकारी मदतीची वाट न पाहता बायकामुलांसकट सारे गाव रात्रंदिवस कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवीत आणि त्यांत उसाचे पाचट भरीत बसले होते. त्या पिशव्यांचे तरंगते बांध पाण्यात सोडून त्यांनी तेल अडविले. "साहेब, उसाने आम्हांस शंभर वर्षे रडविले. त्या वेळी तो कामास आला," असे म्हणून तो एकटाच हसला.

हॉटेलाशी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. दारात स्वागताचे सरबत मिळाले आणि ते चांगले होते. पुढील गोष्टींबद्दल तसे म्हणता येत नाही. समुद्राकडील म्हणून जी खोली सांगितली होती, तिच्या सज्जाच्या कठड्यावरून बरेच वाकून उजवीकडे पाहिले असता दोन भिंतींच्या फटीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसे. खोलीत ओलीचा वास होता. पोहण्याचा हौद दुरुस्तीसाठी कोरडा केला होता आणि त्याच्या तळाशी फरशांचे ढीग पडले होते. धाकटा कोणास न विचारता धावत किनाऱ्याकडे गेला आणि तितक्याच वेगाने परत आला.

"आई, वाळू नाही!" तो म्हणाला.

वाळू अगदीच नव्हती असे नाही. सहा-सात पावले रुंदीची एक उतरती पट्टी होती. तिच्या एका कडेस तारेच्या जाळ्यांत काळे दगड भरून बांध घातला होता. सुरूची झाडे चित्रातलीच होती. पण त्यांची मुळे उघडी पडली होती आणि दोन झाडे समुद्राकडे इतकी कलली होती की त्यांना दोरांनी बांधून धरले होते. आरामखुर्च्या भिंतीला टेकवून एकीवर एक रचल्या होत्या, कारण त्या वाऱ्याने उडत. वारा सारखा वाहत होता. झुळूक म्हणावी असा नव्हे, तर धोतराचा सोगा आणि डोक्यावरचा पदर आवरण्यात माणसाचे दोन्ही हात गुंतून राहावेत असा. बारीक वाळू डोळ्यांत जाई. रात्रभर सज्जाचे काचेचे दार खडखडत राहिले.

आजी नेहमीप्रमाणे पहाटे पाच वाजता उठली; तेथे तेव्हा साडेतीन वाजले होते. सूर्योदयास आणखी तीन तास होते. ती अंधारात बसून आपले नेहमीचे श्लोक म्हणत राहिली. उजाडल्यावर ती किनाऱ्यावर गेली, पाण्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली आणि मग म्हणाली, "हा समुद्र कोंडलेला आहे. याला भरती-ओहोटी नाही."

आजीचे बोलणे थोडेसे चुकीचे, पण बरेचसे खरे होते. गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी दूर मागे हटते आणि भरतीस धावत येते. मॉरिशसच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांतील अंतर मीटरभरही नसते. शिवाय या बेटाभोवती प्रवाळाच्या खडकांची जवळजवळ अखंड तटबंदी आहे. महासागराच्या मोठ्या लाटा दूरवर त्या तटावर आपटतात आणि तेथेच फुटतात. सकाळच्या उजेडात त्या फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ क्षितिजाजवळ दिसत होती. तट आणि किनारा यांमधील उथळ पाण्यात वाऱ्याने केवळ बारीक, आखूड, चिडखोर लाटा उठत होत्या. प्रवाळ पाहावयास नेणाऱ्या काचेच्या तळाच्या होड्या त्या दिवशी सुटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही सुटल्या नाहीत. पोहणाऱ्यांनी पाण्यात जाऊ नये म्हणून काठीला लाल निशाण बांधले होते. ते मात्र मोठ्या उत्साहाने फडफडत होते.

तिसऱ्या दिवशी वडील व्यवस्थापकाकडे गेले. त्यांनी छायाचित्र पुढे ठेवले. व्यवस्थापक सभ्य मनुष्य होता. छायाचित्र खरे आहे, असे त्याने सांगितले; मात्र ते काही वर्षांपूर्वीचे आणि नोव्हेंबर महिन्यातील आहे. मे ते सप्टेंबर या काळात या बाजूस वारा असतो, म्हणूनच तर या दिवसांत दर उतरलेले असतात. ही गोष्ट सर्व प्रवाशांस ठाऊक असते, असे त्यास वाटत होते. पैसे परत देण्याची तरतूद करारात नव्हती. खोली बदलून देता येईल, पण त्या खोलीस सज्जाच नव्हता. वडील छायाचित्र खिशात घालून परत आले. त्यांनी कोणास काही सांगितले नाही. दुपारभर ते एका कागदावर आकडे मांडीत बसले. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने होतात; ते अठ्ठेचाळीस आकडे त्यांना पाठ होते.

त्या रात्री मुले निजल्यावर आई हलक्या आवाजात म्हणाली, "तुमची चूक नाही. चूक माझी आहे."

वडिलांना काही उलगडा होईना.

"मी सोळा वर्षे शाळेत वारे शिकविते," ती म्हणाली. "नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस वीस अंशांवर आहे आणि हे बेट दक्षिणेस वीस अंशांवर आहे. हा आग्नेय व्यापारी वाऱ्यांचा पट्टा. आपल्याकडे मे महिना म्हणजे उन्हाळा, तर यांच्याकडे हिवाळ्याचा आरंभ. आणि हिवाळ्यात हे वारे अधिक जोराने वाहतात. बेटाची पूर्व बाजू त्यांच्या अगदी तोंडावर येते. फळ्यावर मी दरवर्षी डोंगर काढते, एका बाजूस वाताभिमुख लिहिते, दुसऱ्या बाजूस वातविन्मुख लिहिते, आणि मुलांकडून पाच-पाच वेळा पाठ करून घेते. तुम्ही मला नकाशात हॉटेल दाखविलेत, तेव्हा मी म्हटले, 'छान आहे, समुद्राच्या अगदी जवळ आहे.'"

वडील काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "नकाशात वारा काढलेला नव्हता."

"तो कोणत्याच नकाशात नसतो," आई म्हणाली. "तो आठवावा लागतो."

ताई जागी होती. तिने हे सारे ऐकले. आपल्या मैत्रिणींना पाठविण्यासाठी तिने त्या दिवशी किनाऱ्याची काही छायाचित्रे अशा बेताने काढली होती, की त्यांत तारेची जाळी आणि कललेली झाडे येऊ नयेत. ती चित्रे पाठवावीत की नाही, याचा ती बराच वेळ विचार करीत पडून राहिली.

खोली झाडावयास एक बाई येत असे. पन्नाशीच्या आतबाहेरची, सावळी, शांत. इतर प्रवाशांशी ती फ्रेंच किंवा तेथील क्रिओल भाषेत दोन शब्द बोले आणि कामास लागे. चौथ्या दिवशी सकाळी आजीचे श्लोक लांबले होते. ती बाई केरसुणी हातात घेऊन दारातच थांबली. श्लोक संपल्यावर तिने हात जोडले आणि एकेक शब्द जपून ठेवीत विचारले, "आपण महाराष्ट्रातून आला आहात काय?"

धाकट्यास हसू आवरेना. असे बोलणारे माणूस त्याने पूर्वी पाहिले नव्हते. तिची मराठी घरातली नव्हती, पुस्तकातली होती; जणू एखादा धडाच बोलत होता. तिने लहानपणी शाळेत मराठी हा विषय घेतला होता. मॉरिशसमधील शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू यांबरोबर मराठीही शिकता येते. घरी मात्र सारे क्रिओलच बोलत. मराठी देवघरात आणि गणेशचतुर्थीस. त्या दिवशी त्या देशात सार्वजनिक सुटी असते, हेही तिने सांगितले, आणि ते सांगताना तिची मान किंचित ताठ झाली.

"आमचे मूळ पुरुष रत्नागिरी जिल्ह्यातून आले, असे वडील सांगत असत," ती म्हणाली. "ते मुंबई बंदरातून जहाजात चढले. गावाचे नाव आम्हांस ठाऊक नाही."

आजीने तिला हाताला धरून पलंगावर बसविले. कामावर असताना बसण्याची तिला परवानगी नव्हती. ती उठू लागली, तर आजीने हात सोडला नाही. दोघींचे बोलणे मोठे विलक्षण चालले. आजीच्या कोकणी वळणाच्या बोलीतले निम्मे शब्द त्या बाईस कळत नव्हते, आणि बाईचे जड संस्कृत शब्द ऐकून आजी भांबावत होती. ताई मध्ये बसून मराठीतून मराठीत भाषांतर करीत होती. बोलता बोलता बाई म्हणाली, की गणपतीत आमच्याकडे बायका फेर धरून 'झाकरी' करतात. आजीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि एकदम टाळी वाजविली. "जाखडी! अगं, ती जाखडी! आमच्या गावात पोरे पायांत घुंगरू बांधून नाचतात!"

खोली त्या दिवशी नीट झाडली गेली नाही.

किनाऱ्याची हकीगत त्या बाईकडूनच कळली. तिचे सासर याच गावातले. तिचे सासरे होडीवर काम करीत. मासेमारीच्या नव्हे, वाळूच्या होडीवर. प्रवाळाच्या तटाच्या आतील उथळ पाण्यातून फावड्यांनी वाळू काढावयाची, होडी काठोकाठ भरावयाची आणि शिडाने किनाऱ्यास आणावयाची. बेटावर घरे, रस्ते, हॉटेले यांचे बांधकाम वाढले तशी वाळूची मागणी वाढली. नदीची वाळू तेथे नाहीच म्हणावी इतकी थोडी. अखेर तट दुबळा होतो आणि किनारे झिजतात हे ध्यानात आल्यावर २००१ साली सरकारने समुद्रातून वाळू काढण्यास पूर्ण बंदी केली. सासऱ्यांचे काम सुटले. त्याच सुमारास ती हॉटेलात कामास लागली.

"आमचे घरही त्याच वाळूचे आहे," ती म्हणाली. तिने यात लपविण्यासारखे काही मानले नाही.

ही वाळू येते कोठून, हे आईने मुलांस किनाऱ्यावर नेऊन दाखविले. कोकणात डोंगरांवरून नद्या दगडमाती वाहून आणतात आणि किनाऱ्यावर काळपट-पिवळी वाळू साचते. येथील दगड सारा काळा. मग वाळू पांढरी कशी? ओंजळभर वाळू घेऊन पाहिले, तर तिच्यात शिंपल्यांचे कपचे, प्रवाळाचे बारीक तुकडे आणि चुनखडीसारखे कण होते. ही वाळू दगडाची नसून जिवांची आहे. प्रवाळ हे लहान प्राणी. ते आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. लाटा ते फोडतात. पोपटमासा नावाचा मासा आपल्या चोचीसारख्या तोंडाने प्रवाळ कुरतडतो, त्यावरील शेवाळ पचवितो आणि चुन्याची बारीक पूड पोटातून बाहेर टाकतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत अशा माशांचा वाटा बराच मोठा असतो. हे ऐकताच धाकट्याने हातातील वाळू झटकली. मग थोडा विचार करून पुन्हा उचलली. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, म्हणजे प्रवाळ पांढरे पडते आणि बहुधा मरते. मग नवी वाळू तयार होत नाही, आणि जुनी लाटा घेऊन जातात. अगदी काठावर भिंती आणि बांध घातले, तर त्यांवर आपटलेली लाट परत जाताना पायथ्याची वाळूही ओढून नेते. व्यवस्थापकाने हे घडविले नव्हते. त्याने जुने चित्र लावले, एवढे मात्र केले होते. आणि तेही काही थोडे नव्हे.

रविवारी त्या बाईस सुटी होती. ती माहेरी जावयाची होती. माहेर कास्कावेलला, बेटाच्या पश्चिमेस, जेथे मराठी वस्ती जुनी आहे. तेथून जवळच फ्लिक आन फ्लाकचा लांब किनारा. डोंगराच्या आड असल्यामुळे त्या बाजूस वारा नसतो. सर्वांनी आपल्याबरोबर यावे, असे तिने सुचविले. वडिलांनी प्रथम नकार दिला. रविवारचे दुपारचे जेवण हॉटेलाच्या पैशांत धरलेले होते. ते सोडून बसभाडे नव्याने खर्च करणे त्यांच्या हिशेबात बसेना. शिवाय ज्या बाईस आपण खोली झाडताना पाहतो, तिच्या माहेरी पाहुणे म्हणून जावे की न जावे, याचाही त्यांस संकोच होता, जरी तो त्यांनी बोलून दाखविला नाही. आजी पिशवी भरून दाराशी बसली. "मी माहेरी चालले आहे," एवढेच ती म्हणाली. मग सारेच निघाले.

दोन ठिकाणी बस बदलावी लागली. बस मधल्या पठारावर चढली तेव्हा आभाळ भरून आले आणि रिमझिम पाऊस लागला. वाऱ्याने समुद्रावरून आणलेली वाफ येथे थंड होऊन खाली उतरत होती. पश्चिमेकडे बस उतरू लागली तसा पाऊस थांबला, ढग मागे राहिले आणि उसावरून उन्हाचा पिवळा प्रकाश पसरला. आईने ताईकडे पाहिले. ताई म्हणाली, "वातविन्मुख." आईने तोंड खिडकीकडे फिरविले, तिला हसू येत होते की आणखी काही, ते ताईस दिसले नाही.

फ्लिक आन फ्लाकला समुद्र तलावासारखा होता. सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत शेकडो कुटुंबे चटया पसरून बसली होती. पातेली, डबे, ढोलके, लहान मुले, म्हाताऱ्या माणसांसाठी घरून आणलेल्या खुर्च्या. कोजागरीस गोदाकाठी असावी तशी गर्दी. येथे बसावयास कोणास पैसे द्यावे लागत नव्हते. या किनाऱ्यावरही काही झाडांची मुळे उघडी पडली होती आणि लाटांनी कडा खाल्ली होती. पण पाणी निवळ आणि कोमट होते. दक्षिणेस ल मोर्नचा उंच काळा कडा समुद्रात उतरलेला दिसत होता. पळून गेलेले गुलाम एके काळी त्या कड्यावर आश्रय घेत, म्हणून त्यासही २००८ साली जागतिक वारशात स्थान मिळाले.

त्या बाईचा भाऊ घरच्या साऱ्या मंडळींस घेऊन तेथेच आला होता. त्याने धाकट्याच्या पोटाखाली हात धरून त्याला पाण्यावर तरंगविले, आणि धाकटा भीतीने नाशिककडच्या साऱ्या देवांची नावे घेऊ लागला. दुपारपर्यंत तो हात सोडून आठ-दहा हात अंतर जाऊ लागला. हे पोहणे होते की बुडता बुडता पुढे सरकणे होते, याविषयी मतभेद झाला.

जेवणास डाळपुऱ्या होत्या. पिवळी डाळ शिजवून, वाटून, मैद्याच्या पोळीत भरलेली आणि तव्यावर मऊ भाजलेली ही पोळी तेथे दोन-दोनच्या जोडीने, वालपापडीसारख्या शेंगांच्या दाण्यांची भाजी आणि चटणी घालून, कागदात गुंडाळून खातात. आजीने पहिला घास चावून डोळे मिटले. "पुरणपोळीच आहे," ती म्हणाली, "फक्त गूळ घालावयाचा राहिला." घरधनिणीने हे वाक्य क्रिओलमध्ये सर्वांस सांगितले आणि चटईभर हशा पिकला.

वडील मात्र थोडे दूर, एका काळ्या खडकावर बसले होते. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. खडकास बारीक छिद्रे होती. "हा दगड ओळखीचा वाटतो," वडील म्हणाले. "आपल्या ब्रह्मगिरीचा असावा तसा."

"भाऊबंद आहेत दोघे," आई म्हणाली. आणि मग तिने जे सांगितले, ते ऐकावयास मुलेही येऊन बसली. हिंदी महासागराच्या तळाखाली एक फार तप्त जागा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूखंड तिच्यावरून सरकत होता. त्या वेळी खालून लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि सह्याद्री व दख्खनचे पठार यांचा काळा कातळ तयार झाला. भूखंड उत्तरेस सरकत गेला. ती तप्त जागा मागे राहिली, आणि तिच्यावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर एकामागून एक ज्वालामुखी उभे राहिले. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी त्याच जागेवर मॉरिशस वर आले. आता तोच अग्नी येथून नैर्ऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरवर रेयुनियाँ बेटाखाली आहे, आणि तेथील ज्वालामुखी आजही अधूनमधून लाव्हा ओततो. भूगर्भशास्त्रज्ञांचे मत असे आहे.

"म्हणजे एकाच चुलीवरच्या भाकरी," आजी म्हणाली. "आपली आधी भाजली."

वडील त्या खडकावर हात ठेवून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून ते छायाचित्र काढले, पाहिले आणि पुन्हा घडी करून ठेवले. फाडून टाकले नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू ते सहसा टाकीत नसत. मग त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि ते पाण्यात उतरले.

संध्याकाळी निरोप घेताना आजीने आपल्या पिशवीतून कोकमाची पुडी काढून त्या बाईच्या हातावर ठेवली. गावाचे नाव ठाऊक नाही म्हणालीस, तर माझ्या गावाचे नाव लिहून घे, असे आजीने तिला सांगितले. बाईने ते एका कागदावर शाळेतल्यासारख्या वळणदार देवनागरी अक्षरांत लिहून घेतले. ते तिचेही गाव असेल, असे आजी म्हणाली नाही.

राहिलेले तीन दिवस हॉटेलातच गेले. वारा थांबला नाही, हौद भरला नाही. शेवटच्या दिवशी दोन तास निशाण उतरले, होडी सुटली आणि त्यांनी काचेतून प्रवाळ पाहिले. त्यातील काही जिवंत होते, बरेच पांढरे पडले होते. नाशिकला परतल्यावर वडिलांनी प्रवासी कंपनीस पत्र लिहिले. त्यांनी केवळ तीन गोष्टींची नोंद केली: खोली, हौद आणि छायाचित्राचे वर्ष. वाऱ्याविषयी त्यांनी तक्रार केली नाही. दोन महिन्यांनी थोडीशी रक्कम परत आली. ताईने मैत्रिणींना चित्रे पाठविली, ती तारेच्या जाळीसकट.

जूनमध्ये शाळा उघडली. आठवीच्या वर्गात आईने फळ्यावर एक लांबट वर्तुळ काढले, मध्ये डोंगर काढला आणि उजव्या बाजूने चार बाण आखले. मग बाणांच्या तोंडाशी, किनाऱ्यावर, तिने एक लहानसा चौकोन काढला. असा चौकोन पाठ्यपुस्तकातील आकृतीत नव्हता.

"बाई, ते काय आहे?" पहिल्या बाकावरील एका मुलीने विचारले.

"ते हॉटेल आहे," आई म्हणाली. "आता मला सांगा, मे महिन्यात येथे खोली घ्यावी की नाही?"